वारा कुठून, पाणी कुठे

फ्लाइंग क्लबच्या हवामानाच्या खोलीत एक फिरती खुर्ची होती. तिचं एक चाक कायमचं रुसलेलं होतं, गादी मधोमध दबलेली होती आणि फिरवली की ती अशी कुरकुरायची की बाहेर विमान धुणाऱ्या माणसालाही कळावं, लाँचकाकांना आजचा वारा मिळाला.

रोज सकाळी साडेसातला हवामान कार्यालयातून फोन यायचा. पलीकडच्या बाई तीन हजार फुटांवरच्या वाऱ्याची दिशा आणि वेग सांगायच्या. काका "आभारी आहे बाई, फार आभारी आहे" म्हणायचे, फोन ठेवायचे, आणि काहीही लिहिण्याआधी खुर्ची फिरवायचे. वारा उत्तरेचा असेल तर उत्तरेकडे तोंड करायचे, दक्षिणेचा असेल तर दक्षिणेकडे. डोळे मिटून तो वारा आपल्या तोंडावर येतोय असं मनाशी धरायचे आणि मगच पेन्सिल उचलायचे. क्लबात नव्याने आलेली मुलं हे बघून एकमेकांना कोपराने ढोसायची. जुनी मुलं त्यांना गप्प करायची, कारण काकांनी लिहून दिलेल्या वाऱ्याच्या चिठ्ठीवर ती सगळी आकाशात जाऊन परत आलेली होती.

खुर्ची फिरवण्यामागे कारण होतं आणि ते काका कुणालाही सांगायला लाजत नसत. या क्लबात येण्यापूर्वी तेवीस वर्षं त्यांनी खाडीत माणसं ने-आण करणारी लाँच चालवली होती. आता पाण्याचं असं आहे की त्याचं नाव ते कुठे जातं यावरून ठरतं. पूर्वेचं पाणी म्हणजे पूर्वेकडे चाललेलं पाणी. वाऱ्याचं नेमकं उलटं. पूर्वेचा वारा म्हणजे पूर्वेकडून आलेला. ज्याने कुणी ही व्यवस्था लावून दिली त्याला लोकांची गंमत करायची असावी. एकाच माणसाला आयुष्यात दोन्ही कामं करावी लागतील, हे काही त्याच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. काकांच्या अंगात तेवीस वर्षांचं पाणी मुरलेलं होतं, म्हणून ते वाऱ्याला आधी तोंड दाखवायचे आणि मग त्याचा आकडा लिहायचे.

लाँचवरून ते या खोलीत कसे आले, ती गोष्ट ते आभाराच्या सुरात सांगत. तसे ते सगळंच आभाराच्या सुरात सांगत. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार, दुकानदाराने सुटे दिले की त्याचे आभार. "एक दिवस कडी लावताना दाराचेही आभार मानाल," असं त्यांची बायको म्हणायची. पण कॅप्टनच्या बाबतीत मात्र तिचंही मत काकांसारखंच होतं. क्लबचे आजचे मुख्य प्रशिक्षक असलेले हे कॅप्टन तेव्हा तरुण होते आणि रोज काकांच्या लाँचने खाडी ओलांडायचे. एकदा त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस लाँचचं नाक धक्क्याकडे धरतच नाही. ते कुठेतरी भलतीकडे, वरच्या अंगाला असलेल्या झाडाकडे धरतो आणि लाँच मात्र नीट धक्क्याला लागते.

"हे गणित कुठे शिकलात?" कॅप्टननी विचारलं.

"गणित कसलं साहेब? पाणी खाली ढकलतं, म्हणून आपण आधीच वर बघायचं."

"आमच्या पोरांना एवढंच शिकवायला मला तीन आठवडे लागतात," कॅप्टन म्हणाले.

पुढे खाडीवर पूल झाला. पूल सगळ्यांच्या सोयीचा होता, लाँचवाले सोडून. काका सेहेचाळीस वर्षांचे होते आणि सुकाणू सोडून त्यांच्या हाताला दुसरं काही येत नव्हतं. लाँच बंद झाली त्याच आठवड्यात कॅप्टन पत्ता शोधत त्यांच्या घरी आले, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, हवामानाच्या खोलीत माणूस हवाय. काकांच्या आधी त्यांच्या बायकोनेच हो म्हणून टाकलं.

बायको शाळेत गणिताची बाई होती. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून ती नवऱ्याला शिकवायला बसली. एक बाण काढायचा, आपल्याला जमिनीवरून कुठे जायचंय त्याचा. दुसरा बाण, वारा आपल्याला कुठे ढकलतोय त्याचा. तिसऱ्या बाणाने त्रिकोण पुरा केला की विमानाचं नाक कुठे धरायचं ते कळतं. बाणाची लांबी म्हणजे वेग, टोक म्हणजे दिशा. "याला सदिश म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही तेवीस वर्षं हेच करत होतात."

"तेवीस वर्षं सदिश वाहिले आणि तिकीट फक्त माणसांचं घेतलं," काका म्हणाले, आणि ती इतकी हसली की तो रविवार शिकवण्याविनाच गेला.

कारकून म्हणून आलेले काका चार वर्षांत मुलांना शिकवायला लागले. पहिल्या तासाला ते फळ्याला हातही लावत नसत. जमिनीवर एक लांब सतरंजी अंथरायची, एका मुलाला तिच्यावरून समोरच्या भिंतीवरच्या खुणेकडे सरळ चालायला सांगायचं, आणि दोघांनी ती सतरंजी हळूहळू बाजूला ओढायची. चालणारा प्रामाणिकपणे सरळ चालायचा आणि खुणेपासून चार हात लांब भिंतीला जाऊन टेकायचा. "तू चुकलास का?" काका विचारायचे. "नाही चुकलास. फक्त सतरंजीला विचारात घेतलं नाहीस."

आणि तासाच्या शेवटी ते लाँचवरची एक गोष्ट सांगायचे. सुकाणूवरून काकांना धक्क्यावरचा दिव्याचा खांब आणि त्याच्या मागची पाण्याची टाकी, दोन्ही एका रेषेत दिसायला हवीत. टाकी खांबाच्या बाजूला सरकायला लागली की समजायचं, पाण्याने आपला अंदाज खोटा पाडला. म्हणून मुलांना ते सांगायचे, त्रिकोण कितीही चांगला काढा, दहा मिनिटांनी खाली बघा आणि जमिनीला विचारा, मी कुठे आहे. जमीन खोटं बोलत नाही.

हे सगळ्यांत जास्त वेळा भिंगरीला सांगावं लागायचं. भिंगरी एकोणीस वर्षांची होती, एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ते नाव. विमान ती छान चालवायची. तिचा दोष एकच होता, काकांच्या आकड्यावर तिचा आंधळा विश्वास होता. "काकांनी लिहिलंय ना, मग झालं," असं म्हणून ती मोकळी व्हायची. तिची आई दवाखान्यात नर्स होती. ती एकदा डबा द्यायला क्लबात आली तेव्हा काकांना म्हणाली, "ती वर असली की माझा जीव टांगणीला लागतो. पण तुमच्या आकड्यावर जाते म्हणते, तेव्हा जरा बरं वाटतं."

काकांना त्या क्षणी अभिमान वाटला होता. पुढे त्याच अभिमानाची त्यांना भीती वाटली.

ती सकाळ म्हणजे भिंगरीच्या पहिल्या एकटीच्या लांब उड्डाणाची. सरळ उत्तरेला पंचेचाळीस मैलांवरचा दुसरा विमानतळ गाठायचा, तिथे उतरायचं आणि परत यायचं. सव्वासातला काकांच्या खोलीत एक पाहुणा आला. लाँचवर जो इंजिन सांभाळायचा, तो इंजिनवाला. दोघांची गाठ वर्षा-दोन वर्षांनी पडायची. त्याचा गुडघा कामातून गेला होता, म्हणून खोलीत शिरल्याबरोबर तो दिसेल त्या खुर्चीवर बसला. खोलीत खुर्ची एकच होती.

"तोडायला नेतायत तिला," तो म्हणाला.

"कुणाला?"

"कुणाला काय विचारतोस? आपल्या लाँचला. काल बघून आलो. तळ पार कुजलाय. पण तुझं सुकाणू अजून तसंच आहे बघ."

काका टेबलाला टेकून उभे राहिले. मग निघाल्या जुन्या गोष्टी. भरतीला पूर्वेचं पाणी कसं जोर धरायचं, त्या पाण्यात एकदा लग्नाचं अख्खं वऱ्हाड कसं भलत्याच धक्क्याला उतरवलं होतं. काका मनाने खाडीत होते, गुडघाभर नाही, गळ्यापर्यंत. तेवढ्यात फोन वाजला.

"तीन हजार फुटांवर पश्चिमेचा वारा, वीस नॉट," बाई म्हणाल्या.

काकांनी त्यांचे आभार मानले. चिठ्ठीवर वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, आणि दिशा अंशांत लिहायची असते, पूर्व म्हणजे नव्वद आणि पश्चिम म्हणजे दोनशे सत्तर. काकांच्या डोळ्यांपुढे पूर्वेकडे वाहत निघालेलं काहीतरी आलं. खुर्चीवर पाहुणा बसलेला होता. उभ्या उभ्याच त्यांनी नव्वद लिहिलं, वीस लिहिलं, आणि इंजिनवाल्याला म्हणाले, "हं, मग वऱ्हाडाचं काय झालं?"

भिंगरी आली, चिठ्ठीवरचे आकडे आपल्या कागदावर उतरवून घेतले, टेबलाच्या कोपऱ्यावर नकाशा पसरून तिने त्रिकोण काढला. वारा उजवीकडून, म्हणून विमानाचं नाक तेरा अंश उजवीकडे. काकांनी तो तपासला. त्रिकोण सुरेख होता, रेघा बारीक, कोन नेमके. कॅप्टननी सही केली. बाहेर खांबावरची, वारा दाखवणारी पट्ट्यापट्ट्यांची कापडी पिशवी मलूल लोंबत होती, कारण जमिनीजवळ वाऱ्याचं नाव नव्हतं. आठ वाजून वीस मिनिटांनी भिंगरीने धावपट्टी सोडली. काकांनी इंजिनवाल्याला बसथांब्यापर्यंत पोहोचवलं, बसच्या ड्रायव्हरचे आभार मानले आणि ते परत आले.

नोंदवहीत वारा उतरवायचा राहिला होता. ते खुर्चीवर बसले. चिठ्ठीवर नव्वद होतं, म्हणून सवयीने त्यांनी खुर्ची पूर्वेकडे फिरवली. ती कुरकुरली. समोर खिडकी होती आणि खिडकीबाहेर रिकामं मैदान. ऊन तापायला लागलं तसे आकाशात नुकतेच छोटे ढग धरले होते आणि त्यांच्या सावल्या गवतावरून सरकत होत्या.

वारा पूर्वेचा असेल तर सावल्या त्यांच्याकडे यायला हव्या होत्या. त्या त्यांच्यापासून दूर पळत होत्या.

काकांनी एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा सावल्यांकडे. मग त्यांच्या कानात बाईंचा आवाज आला, पश्चिमेचा वारा, वीस नॉट. वारा पोरीला उजवीकडे ढकलत होता आणि त्यांनी तिचं नाकही उजवीकडेच वळवून दिलं होतं. घड्याळात आठ चाळीस झाले होते. बायकोने शिकवलेलं गणित त्यांच्या डोक्यात नको असताना झरझर सुटलं. वीस मिनिटांत तेरा मैल, आणि तिच्या वाटेच्या पूर्वेला सोळा मैलांवर डोंगर, त्यांची डोकी सकाळपासून ढगात.

साठीला आलेले काका मैदानातून पळत कॅप्टनच्या खोलीत गेले. त्यांना असं पळताना क्लबात आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"वारा उलटा लिहिला मी," ते म्हणाले. "भिंगरीला उलटा दिला."

कॅप्टननी कसा आणि का, काही विचारलं नाही. त्यांनी रेडिओ उचलून हाक मारली. उत्तर आलं नाही. नियमाप्रमाणे अर्ध्या वाटेवर तिने रेडिओ दुसऱ्या विमानतळाच्या वाहिनीवर लावला असणार. कॅप्टननी तिथे फोन लावून खरा वारा कळवला. तिथला माणूस म्हणाला, "थांबा, हाक मारतो," आणि त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवला. कॅप्टननी आपला रिसीव्हर दोघांच्या कानांच्या मध्ये धरला. तिकडची हाक ऐकू येत होती. एकदा. मग शांतता. मग दुसऱ्यांदा.

काका भिंतीला टेकले. आपल्यावर लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून माणूस जन्मभर झटतो. काकांनी त्या भिंतीला टेकून अगदी उलटं मागितलं. तिने या एका दिवशी माझ्यावर विश्वास ठेवलेला नसू दे, ते मनात म्हणत होते. तिला एकदाच, एकदाच माझं खोटं वाटू दे. त्यांना तिची आई आठवत होती, हातात डबा घेतलेली.

तिसरी हाक. मग खरखर, आणि खरखरीतून एक बारीक आवाज. शब्द कळत नव्हते. तिकडच्या माणसाने रिसीव्हर उचलला.

"उत्तर दिलं तिने. म्हणते, वारा पश्चिमेचा आहे हे कळलंय. कधीच वळले. तुमचा विमानतळ समोर दिसतोय, पाच-सात मिनिटांत उतरते. आणि हो, काकांना निरोप आहे. जमिनीला विचारलं होतं, म्हणावं."

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी रिसीव्हरला हात जोडले, आणि कॅप्टन हसले नाहीत.

घडलं ते असं. दहा मिनिटं झाल्यावर भिंगरीने खाली बघितलं होतं. त्या वेळेला कागदाच्या गिरणीची दोन धुराडी तिच्या विमानाखाली यायला हवी होती. ती डाव्या हाताला लांब दिसली, जवळजवळ सात मैलांवर. पहिल्यांदा तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं, काकांचा आकडा कसा चुकेल. तिने होकायंत्र बघितलं, घड्याळ बघितलं. मग मांडीवरच्या कागदावर हिशेब केला. वारा अजिबात नसता तर आपण साडेतीन मैलच बाजूला गेलो असतो. आपण सात गेलो. म्हणजे उरलेले साडेतीन मैल आपल्याला कुणीतरी ढकललंय, आणि तेही उजवीकडेच. तिने दोन धुराड्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं, आणि मग डावीकडे वळली. डोंगर तिला लांबून दिसले, पांढरे टोप घालून बसलेले. तिकडे जायची वेळ तिच्यावर आली नाही.

साडेअकराला ती परत उतरली. काका धावपट्टीच्या कडेला उभे होते. काय काय म्हणायचं ते त्यांनी अडीच तास मनाशी जुळवून ठेवलं होतं. ती विमानातून उतरली, टोपी काढली, आणि तिचा कागद त्यांच्यापुढे धरला. काकांच्या आकड्यावर काढलेला सुरेख त्रिकोण तिने खोडला नव्हता. त्याच्याच बाजूला हलत्या विमानात काढलेला दुसरा त्रिकोण होता, वेडावाकडा, एक रेघ तर कागदाबाहेर गेलेली. पण त्याचे बाण बरोबर होते.

जन्मभर बसच्या ड्रायव्हरपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांचे आभार मानणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी नुसता तो कागद हातात धरला.

"काका, मी तिकडच्या लोकांना वारा बदलला असं सांगितलंय," भिंगरी हळूच म्हणाली. "कुणाला काही कळणार नाही."

"कळायला पाहिजे," काका म्हणाले. एवढे दोनच शब्द निघाले.

दुपारी ते राजीनामा लिहून कॅप्टनकडे गेले. कॅप्टननी तो वाचला, त्यात शुद्धलेखनाची एक चूक होती ती दुरुस्त केली आणि कागद परत केला.

"यापुढे वारा दोघांनी तपासायचा. आणि तुमच्या खुर्चीवर पाहुणा बसवायचा नाही."

"साहेब, एवढी मोठी चूक..."

"मोठीच आहे. ती उद्या पोरांना शिकवा. माझ्याकडे हे शिकवायला दुसरं कुणी नाही."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिने धीर दिला नाही आणि रागावलीही नाही. गणिताची बाईच ती. "चूक लाँचवरची होती," ती म्हणाली, "आणि खाली बघायची सवयही लाँचवरचीच. दोन्ही तुम्हीच तिला दिलंत. आता जेवा." काका जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोन त्रिकोण काढले, पहिल्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा माझा." मुलं हसली नाहीत. दुसऱ्यावर बोट ठेवलं. "हा हिचा." भिंगरी खाली मान घालून बाकाची कड खरवडत होती.

पंधरा दिवसांनी इंजिनवाला आला. घडलेलं त्याच्या कानावर गेलं होतं. गुडघा दुखत असताना त्याने दोन बस बदलून एक जाड लाकडी स्टूल आणलं होतं. काकांनी ते दारातूनच ओळखलं. लाँचवर सुकाणूमागे ते तेवीस वर्षं याच स्टुलावर बसले होते.

"तोडणाऱ्यांच्या हातापाया पडून सोडवलं," इंजिनवाला म्हणाला. त्याने स्टूल भिंतीशी ठेवलं आणि त्यावर बसला. "आता मी इथे. तुझ्या खुर्चीला शिवलो तर नाव बदल."

काकांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि फोन वाजला.

त्या दिवशी भिंगरीची शेवटची परीक्षा होती. ती नकाशा घेऊन टेबलाशी उभी होती. काकांनी बाईंचं ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि खुर्ची फिरवली. ती कुरकुरली. वायव्येकडे तोंड करून त्यांनी डोळे मिटले, उघडले, आकडा लिहिला आणि चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली.

भिंगरीने ती लगेच उचलली नाही. आधी आकडा वाचला. मग काकांचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघितलं. मग खिडकीशी जाऊन गवतावरच्या सावल्या कुठे चालल्यात ते बघितलं, चांगला वेळ घेऊन. तिन्ही जुळल्यावर तिने पेन्सिल उचलली.

काका तिच्याकडे बघत राहिले. पंधरा दिवस जे बोलता आलं नव्हतं ते आता सहज बाहेर आलं.

"आभारी आहे," ते म्हणाले.

"कशाबद्दल?" भिंगरीने त्रिकोणातून मान वर न करता विचारलं.

"बघितलंस ना, त्याबद्दल."